पहिल्या पुराचे पाणी आणि काठची माती

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री या नद्या एका रात्रीत तांबड्या होतात आणि त्याच दिवसांत जुलाब-उलट्यांची धास्ती सुरू होते. दोष आपण गटारांना देतो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. नदीकाठची माती हीच जिवाणूंचे कोठार होऊन बसते, हे आपल्या ध्यानात येत नाही.

गुरांच्या शेणातले आणि काठालगतच्या शोषखड्ड्यांतून झिरपणाऱ्या सांडपाण्यातले जिवाणू चिकणमातीच्या कणांना धरून राहतात. नितळ पाण्यात ऊन त्यांचा नाश करते. सावलीतल्या, ओलसर, कुजक्या पाल्याच्या मातीत मात्र ते दीर्घकाळ तग धरतात आणि उबदार हवेत वाढूही शकतात. हवाई बेटांवरील ओढ्यांच्या १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ई. कोलाय या आतड्यांत राहणाऱ्या जिवाणूंचा उगम आसपासच्या मातीतच असल्याचे दिसले होते, आणि आपली हवाही तशीच दमट व उबदार आहे. काठ ढासळला की हा सारा साठा एकदम प्रवाहात येतो.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय आढळता कामा नये. गढूळ पाण्यात नुसती टीसीएल (क्लोरीनयुक्त ब्लीचिंग) पावडर वाढवून हे साधत नाही, कारण क्लोरीन मातीतल्या सेंद्रिय द्रव्यावरच खर्ची पडतो आणि कणाआड दडलेला जिवाणू वाचतो. तुरटीने गाळ बसवून, पाणी गाळून मगच पावडर टाकली पाहिजे. आमच्या घरी आजही पहिल्या पुराचे पाणी रात्रभर निवळू देऊन, गाळून, उकळूनच पितात.

जुलै २०२१ च्या महापुरानंतर वाशिष्ठीतला गाळ काढला गेला, ते आवश्यकच होते. परंतु असा गाळ काठावर उघडा राहिला, तर पुढच्या पावसात तो पुन्हा नदीत उतरणार. करंज, जांभूळ, बांबू यांची काठावरची दाटी मुळांनी माती धरून ठेवते. ती संरक्षक भिंतीसाठी सरसकट तोडू नये आणि गुरांना पाण्यावर उतरण्यासाठी जॅकवेलच्या (नदीतून पाणी उपसण्याच्या विहिरीच्या) खालच्या अंगाला एकच जागा ठरवून द्यावी.

पाण्याचे नमुने नदी निवळल्यावर न घेता पहिल्या पुराच्या दिवशीच घ्यावेत आणि त्यांचा निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा, ही संबंधितांना कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)