नातवाच्या पेन्शनची सोय झाली, त्याच्या बापाचे काय?

संपादक महोदय,

'एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) वात्सल्य' या लहान मुलांच्या पेन्शन योजनेबद्दल सध्या बरेच छापून येते. लिहिणारे जाणकार असतात. मी जाणकार नाही. एसटीत वाहक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आणि ईपीएस-९५ चे, म्हणजे पीएफ खात्यामार्फत मिळणारे पेन्शन घेतो. पेन्शन हातात पडल्यावर ते कितपत पुरते, एवढे मात्र मला चांगले ठाऊक आहे.

योजना १८ सप्टेंबर २०२४ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सुरू केली. मूल अठरा वर्षांखालचे असावे, खाते आईबापाने किंवा कायदेशीर पालकाने उघडावे, वर्षाला किमान हजार रुपये भरावेत (हा २०२५ च्या सुरुवातीचा नियम), वरची मर्यादा नाही. आजोबाला परस्पर उघडता येत नाही, म्हणून मुलगा आणि सूनबाई यांच्याबरोबर मीही बँकेत गेलो. (पाच वर्षांखालच्या मुलाला एसटीत तिकीट लागत नाही, पेन्शनचा नंबर मात्र मिळतो. काळ बदलला!) मुलीसाठी पोस्टात सुकन्या समृद्धी आहे. आमचा नातू आहे, त्यामुळे सूनबाईंनी हे खाते मनावर घेतले होते.

त्यांच्या मनात भरला तो योजनेबरोबर मांडलेला कोटींचा हिशेब. वर्षाला दहा हजार, अठरा वर्षे भरायचे. अठराव्या वर्षी पाच लाखांच्या आसपास जमतात. ते तसेच राहू दिले तर साठाव्या वर्षी दहा टक्के परताव्याने पावणेतीन कोटी, आणि पहिल्यापासून १२.८६ टक्के परतावा धरला तर ११ कोटी ५ लाख. "नाना, बघा तरी," म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. वेबिल (तिकीटविक्रीच्या हिशेबाचा कागद) आणि रोकड जुळल्याशिवाय डेपोतून घरी न जाण्याची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे मी रात्री वही घेऊन बसलो. दहा टक्क्यांचा हिशेब बरोबर आहे, पावणेतीन कोटी खरेच होतात. पण महागाई वर्षाला सहा टक्के धरली तर साठ वर्षांत रुपयाची किंमत तेहतिसाव्या हिश्शावर येते. म्हणजे ते पावणेतीन कोटी आजच्या भावाने सव्वाआठ लाखांच्या घरातले. आणि वर्षाला हजारच भरले तर आजचे ऐंशी-पंच्याऐंशी हजार.

आता हे वाईट आहे का? मुळीच नाही. अठरा वर्षांत एक लाख ऐंशी हजार भरून आजच्या किमतीचे आठ लाख उभे राहात असतील तर चांगलेच म्हणायचे. मात्र दहा टक्क्यांची हमी कोणी दिलेली नाही. योजना सुरू झाली तेव्हाच्या नियमाने, पालकाने वेगळा पर्याय निवडला नाही, तर जास्तीत जास्त निम्मा पैसा शेअर बाजारात जाणारा पर्याय आपोआप लागू होत असे. साठ वर्षांच्या मुदतीत मला त्याची फारशी भीती वाटत नाही. मला खटकतो तो अर्धवट सांगितलेला आकडा. पगारवाढ असो की पेन्शन, आकडा मोठा दिसला की माणूस तो कुठल्या सालातला आहे हे विचारत नाही. ईपीएसमध्ये महागाई भत्ता नाही. माझ्या मंजुरीच्या कागदावर जी रक्कम होती तीच दरमहा पासबुकात उमटते, तीन हजारांच्या आतली. सुरुवातीला तेवढ्यात महिन्याचा किराणा येत असे. आता माझ्या आणि हिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या आणल्या की हातात चिल्लर उरते. किमान पेन्शन तर २०१४ पासून महिना एक हजारावरच अडकलेले आहे.

दुसरी गोष्ट अठराव्या वर्षाची, आणि ती बहुतेक आईबापांना माहीतच नसते. २०२५ च्या सुरुवातीच्या नियमांप्रमाणे मूल सज्ञान झाले की त्याच्या स्वतःच्या नावाने नव्याने केवायसी होई आणि खाते नेहमीच्या एनपीएसमध्ये जाई. तेव्हा बाहेर पडायचे ठरवले आणि रक्कम अडीच लाखांपर्यंत असली, तर सगळी मिळत असे. त्याहून जास्त असली तर वीस टक्केच हातात येत. उरलेल्या ऐंशी टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक पेन्शन, घ्यावी लागे. वरच्या उदाहरणातल्या पाच लाखांचे बघा. एक लाख रोख, चार लाख अडकले. सहा टक्के दर धरला तर त्यावर महिना दोन हजार रुपये पेन्शन सुरू. अठराव्या वर्षी! कॉलेजची फी भरायच्या वयात पोरगा पेन्शनर. सूनबाईंच्या मनात हा पैसा शिक्षणालाच लावायचा होता. शिक्षण, ठरावीक आजार किंवा अपंगत्व यांसाठी तीन वर्षांनंतर मधे पैसे काढता येतात, पण भरलेल्या रकमेच्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच, वाढीला हात लावता येत नाही, आणि अठरा वर्षांपर्यंत मोजक्याच वेळा. थोडक्यात, हे म्हातारपणाचे खाते आहे. फीसाठी वेगळी तजवीज हवी.

काउंटरवरच्या बाईंनी आमचे काम झटपट आणि हसतमुखाने केले, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण मी बाजूच्या खुर्चीवर बसून एक गोष्ट पाहात होतो. मुलाचा जन्मदाखला झाला, आधार झाले, पॅन झाले. माझा मुलगा टेम्पोची किल्ली बोटात फिरवत उभा. संगमनेरहून टोमॅटो, कांदा घेऊन गाड्या भरतो, स्वतःचाच टेम्पो, त्यामुळे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. वय पस्तीस. सूनबाई तीस वर्षांच्या, घरी ब्लाउज शिवतात. दोन वर्षांच्या मुलाच्या साठीची व्यवस्था लिहून घेताना, पंचवीस वर्षांनी साठ पूर्ण करणाऱ्या बापाला "तुमचे स्वतःचे काही आहे का?" असे कोणी विचारले नाही. बाहेर आल्यावर मीच विचारले. तो म्हणाला, "बाळाचं आधी होऊ द्या नाना, आमचं बघू पुढं."

हे 'पुढं' मी डेपोत पुष्कळ पाहिले आहे. बापाच्या म्हातारपणी पैसा नसला की तो मुलाच्या पगारातून जातो, मग मुलगा स्वतःसाठी काय साठवणार? नातवाच्या नावावर कोटी लिहिलेले असून उपयोग काय, जर त्याच्या पहिल्या पगारापासून आईबापाच्या औषधांचा खर्च सुरू होणार असेल?

अटल पेन्शन योजना याच बँकेत आणि पोस्टात मिळते. प्रवेशाचे वय १८ ते ४०, आयकर भरणाऱ्यांना घेत नाहीत. साठीनंतर महिना पाच हजार हवे असतील तर पस्तिसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला महिना ९०२ रुपये आणि तिसाव्या वर्षी ५७७ रुपये पडतात. त्या पाच हजारांचीही पंचवीस वर्षांनी आजच्या हिशेबाने किंमत हजार-बाराशेच राहील, हे मी घरात लपवले नाही. तेव्हा हातभार म्हणून ती, आणि जमेल तशी स्वतःच्या एनपीएसमध्ये भर. आम्ही शेवटी असे ठरवले की नातवाच्या खात्यात वर्षाला किमान हजार आणि वाढदिवसाला आलेली पाकिटे. महिन्याच्या कमाईतून निघेल ते आधी दोघांच्या नावावर. सूनबाईंना हे थोडे कंजूषपणाचे वाटले. वाटू द्या.

२०२५ च्या अर्थसंकल्पात वात्सल्यमध्ये भरलेल्या पैशावर जुन्या करप्रणालीत ५० हजारांपर्यंतची वजावट देण्याचे जाहीर झाले. ज्याला कर भरावा लागतो त्याला ती उपयोगी. टेम्पोवाल्याला, शिलाईवालीला नाही, आणि खरी गरज तर त्यांनाच आहे.

बँकांना आणि पोस्टाला माझे सांगणे आहे की वात्सल्यचा फॉर्म घेताना पालकाच्या पेन्शनची एक ओळ विचारा, आणि अठराव्या वर्षी बाहेर पडण्याचा नियम कोटींच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत छापा. आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती, की या योजनेवर पुढचा लेख द्याल तेव्हा प्रत्येक रकमेशेजारी आजच्या रुपयांतली रक्कमही द्यावी.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक,
संगमनेर, फेब्रुवारी २०२५