आवाज कुणाचा असावा?

पुणे,
दि. ४ जानेवारी २०२६

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटाच्या डीव्हीडीवरील कॉमेंट्री, म्हणजे चित्रपट चालू असताना सोबत ऐकू येणारे ध्वनिमुद्रित भाष्य, ऐकून तुझी निराशा झाली, आणि दिग्दर्शक हयात नसताना दोन अभिनेत्यांना माइकसमोर बसवणे म्हणजे केवळ वेळ मारून नेणे होय, असे तू लिहिले आहेस. मला हे पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहायला बसलो आहे.

दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक मार्च १९९९ मध्ये गेले, आणि केअर डुलिया व गॅरी लॉकवुड यांची कॉमेंट्री असलेली आवृत्ती २००७ साली निघाली. या दोघांकडे असे काही आहे जे कुब्रिक यांच्याकडेही नव्हते. चित्रपटातल्या अंतराळयानातील फिरत्या कक्षासाठी इंग्लंडमधील स्टुडिओत ३८ फूट व्यासाचे एक अजस्र चाक उभारले होते. डुलिया शिडीने खाली उतरून जेवत बसलेल्या लॉकवुड यांच्याकडे चालत जातात, तो प्रसंग आठव. त्याच्या आरंभी लॉकवुड चाकाच्या माथ्यावर, खुर्चीला पट्ट्यांनी जखडलेले, डोके खाली अशा अवस्थेत होते. मग चाक फिरू लागले आणि डुलिया तळाशी चालत राहिले. कॅमेऱ्यामागच्या माणसाला त्या चौकटीचा हिशेब ठाऊक असतो, पण उलटे टांगलेले असताना शांतपणे जेवणाचा अभिनय करणे म्हणजे काय, हे ज्याच्या अंगावरून गेले त्यानेच सांगावे.

तुझ्या तक्रारीतला खरा भाग मला दुसरीकडे दिसतो. शेवटी प्रकाशाचे पट्टे आपल्या अंगावर धावून येतात, तिथे अभिनेत्यांचे ज्ञान संपते आणि ती दृश्ये साकारणाऱ्या डग्लस ट्रंबल यांचे सुरू होते. पंचविशीच्या आतबाहेरच्या या तरुणाने एका अरुंद फटीमागे रंगीत चित्रे सरकवली, शटर उघडे ठेवून कॅमेरा त्या फटीकडे नेला, आणि त्या एवढ्या लांबलचक हालचालीतून फिल्मची फक्त एकच चौकट तयार होई. हे ऐकायला मिळावे तर त्या हातांकडूनच. आणि ट्रंबल फेब्रुवारी २०२२ मध्ये गेले. ‘ब्लेड रनर’ या चित्रपटाच्या २००७ सालच्या आवृत्तीत मात्र त्यांना संकल्पचित्रकार सिड मीड आणि अन्य कारागिरांसह बोलते केले आहे. दिग्दर्शक रिडली स्कॉट यांची स्वतंत्र कॉमेंट्री त्याच संचात आहे, तरी मी कारागिरांचीच पुन्हा पुन्हा लावतो. आरंभी दिसणाऱ्या, आगीचे लोळ सोडणाऱ्या त्या अफाट शहराचा बराचसा भाग पितळी पत्र्यांतून कोरून काढलेल्या आकृत्यांचा होता, हे कळल्यावर ते दृश्य लहान होत नाही. उलट मी ते अधिक निरखून पाहतो.

म्हणून माझे मत असे की, नाव किती मोठे आहे ते पाहू नये. चौकटीतल्या कोणत्या गोष्टीचे उत्तर त्या माणसाकडे आहे ते पाहावे, आणि ते तो हयात असताना पाहावे. शिवाय त्याला एकटे बसवू नये. ‘द डे द अर्थ स्टूड स्टिल’ या १९५१ सालच्या चित्रपटावर त्याचे दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ बोलतात तेव्हा शेजारी निकोलस मेयर आहेत. मेयर स्वतःही दिग्दर्शक, त्यामुळे कुठे आणि काय विचारायचे हे त्यांना कळते. वृद्ध माणसाच्या आठवणीला असा आधार फार लागतो.

याच चित्रपटात परग्रहावरून आलेला क्लाटू, प्राध्यापक घरी नसताना त्यांच्या फळ्यावरील खगोलगणित दुरुस्त करतो. हा प्रसंग आला की मला दर वेळी जयंत नारळीकर आठवतात. केंब्रिजमध्ये खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केलेले, आणि १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने कथा पाठवणारे नारळीकर! विज्ञान आणि कथा या दोन्हींचे भान असलेला हा माणूस आपल्या पुण्यातच राहत होता. त्या फळ्यासमोर त्यांना बसवून, “सर, इथे नेमके काय चुकले होते?” एवढे मराठीतून विचारून ध्वनिमुद्रण करायला किती खर्च आला असता? २० मे २०२५ रोजी ते गेले, आणि ही हळहळ मला अजून सोडत नाही.

ज्यांचे निर्माते कधीच गेले, त्या चित्रपटांसाठी अभ्यासकच हवा. या प्रकाराचा आरंभ तसाच झाला आहे. १९८४ साली ‘किंग काँग’च्या लेझर डिस्कवर, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीवर, आवाजाची एक जादा वाट मोकळी होती, आणि तिच्यावर लॉस एंजेलिसच्या कला संग्रहालयातील रोनाल्ड हेवर बोलले, तेव्हा चित्रपटाला ५१ वर्षे झाली होती. १९२७ सालच्या ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटासाठी तर मी त्याची प्रत जुळवणाऱ्या माणसालाच बोलावीन. २००८ साली ब्वेनोस आयरेसमध्ये सापडलेल्या १६ मिलिमीटरच्या प्रतीतील तुकडे त्याच्या हरवलेल्या भागांच्या जागी जोडले आहेत, आणि ओरखड्यांमुळे ते लगेच ओळखू येतात. कोणता तुकडा कुठे बसतो हे कसे ठरवले, ते त्या टेबलावर काम केलेला माणूसच सांगू शकेल.

एक अट मात्र सर्वांना सारखीच असावी. लहानपणी आपण रेडिओला कान लावून बाळ ज. पंडित यांचे क्रिकेटचे समालोचन ऐकत असू. डोळ्यांपुढे मैदान नव्हते, म्हणून त्यांना सगळेच सांगावे लागे. इथे पडदा समोर असतो, तेव्हा जे दिसते आहे तेच पुन्हा सांगणाऱ्याला मी बोलावणार नाही, मग तो कितीही विद्वान असो.

फेब्रुवारीत येशील तेव्हा ती डीव्हीडी घेऊन ये. लॉकवुड उलटे बसले आहेत तो प्रसंग आधी मूळ आवाजात पाहू, मग त्या दोघांच्या बोलण्यासह, आणि मग तुझे मत मला पुन्हा सांग. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीधर