सरांच्या वह्या आणि अभ्यासिकेचे छत : सभासद व हितचिंतकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या वाचनालयाचे माजी अध्यक्ष आणि आपणा सर्वांचे सर यांना जाऊन येत्या संक्रांतीला एक वर्ष होईल. या पत्रकात त्यांचे नाव घालावे की नाही, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. परंतु वाचनालयाच्या कोणत्याही भिंतीवर अथवा कागदावर आपल्या नावाचा गौरव नको, असे त्यांनी हयातीत दोनदा, आणि तेही इतिवृत्तात लिहून घ्यायला लावून सांगितले असल्यामुळे ते घातलेले नाही. सोलापुरात अशोक चौकापासून साखर पेठेपर्यंत नुसते ‘सर’ म्हटले तरी कोणाविषयी बोलणे चालले आहे, हे कळते.

सरांनी तेहतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ २००४ साली मिळाले. त्याआधी येथील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली असल्याने उत्तरपत्रिका तपासण्यासाठी सरांना वरचेवर कोल्हापूरची वारी घडे, आणि परतीच्या वाटेवर पंढरपूरला उतरून नामदेव पायरीवर डोके टेकवल्याशिवाय ते घरी येत नसत. त्या दिवशी त्यांच्या पिशवीत चुरमुऱ्यांचा प्रसाद असे आणि दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तो वाटला जाई. ज्यांना तो मिळाला, अशी माणसे आज शहरात मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत; त्यांतील काहींच्या हाती हे पत्रक पडेल, अशी आशा आहे.

घरची भाषा कानडी, वर्गातली मराठी आणि शेजारची तेलुगू, असे सरांचे अगदी सोलापुरी जगणे होते. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांवर त्यांची निष्ठा होती. पण ती हात जोडून थांबणारी नव्हती. सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून ते नंदीध्वजांच्या मागे अडुसष्ट लिंगांच्या प्रदक्षिणेला जात आणि वाटेत सोबतच्या मुलांना बाराव्या शतकातील सोन्नलगीची, म्हणजे जुन्या सोलापूरची, आणि सिद्धरामांनी माणसे जमवून खोदलेल्या तलावाची हकिकत सांगत. तलाव खोदणारा योगी आपल्या गावाला लाभला आणि आपण मात्र चार-चार दिवस नळाची वाट पाहतो, हे त्यांचे नेहमीचे बोलणे होते. त्यात विनोद किती आणि चीड किती, हे कधी कळले नाही.

कुटुंबाविषयी लिहिताना या चिटणिसाला थोडे ओशाळायला होते. सरांच्या पत्नी अर्धांगवायूने अकरा वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात संध्याकाळी साडेसहाचा ठोका पडला की, बैठकीत कितीही महत्त्वाचा विषय चालू असो, सर चप्पल घालून निघत, कारण सात वाजता वहिनींना भरवायचे असे आणि ते काम त्यांनी मुलीकडेही सोपवले नाही. ‘अध्यक्षांना संस्थेपेक्षा घर मोठे’ असे आमच्यापैकी काहींनी मागे बोलून दाखवले. त्यात मीही होतो. सकाळी वहिनींची वेणी घालून, त्यांना चहा पाजून हेच गृहस्थ सात वाजता अभ्यासिकेचे कुलूप उघडायला हजर असत, हे बोलताना आम्हाला आठवले नाही. विडी वळणाऱ्या आणि यंत्रमागावर काम करणाऱ्या आईबापांची मुले त्या वेळी पायरीवर बसून त्यांची वाट पाहत असत. घरी एका खोलीत सहा माणसे, त्यात मागाचा खडखडाट. त्या मुलांना बसायला दुसरी जागा नव्हती आणि आजही नाही.

आता मुख्य विषय. सरांच्या मुलीने त्यांची सुमारे बाराशे पुस्तके आणि हस्तलिखित वह्या वाचनालयाला दिल्या आहेत. सिद्धरामेश्वरांची कानडी वचने देवनागरीत उतरवून त्यांखाली मराठी अर्थ लिहिण्याचे काम सर निवृत्तीनंतर रोज पहाटे करीत होते. अशा एकूण चौदा वह्या झाल्या. साध्या दोनशे पानी वह्या, प्रत्येकीला चादरीच्या जुन्या तुकड्याचे कव्हर, आणि वचनाच्या शेवटी येणारी ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा सगळीकडे लाल शाईने लिहिलेली. मागच्या पानांवर मात्र दूधवाल्याचा हिशेब, वहिनींच्या गोळ्यांच्या वेळा आणि नातवाला शाळेतून आणण्याचे वार आहेत. वाळवी लागू नये म्हणून रसायनशास्त्राच्या या प्राध्यापकाने पानापानांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवला होता. सरांच्या आजारपणात तो बदलायचा राहिला आणि पाचव्या वहीचा खालचा कोपरा वाळवीने खाल्ला. तेथील नऊ वचनांचा अर्थ आता कोणालाच सांगता येणार नाही. गेल्या पावसाळ्यात अभ्यासिकेचे छत तीन ठिकाणी गळले. तेव्हापासून सगळ्या वह्या माझ्या घरी, गव्हाच्या कोठीवर ठेवलेल्या आहेत, आणि ही काही त्यांची जागा नव्हे.

संस्थेने आजवर जे केले ते लोकांच्या बळावरच केले, हे कृतज्ञतापूर्वक नमूद केले पाहिजे. पहिली दोन लोखंडी कपाटे अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेल कारखानदारांनी दिली आणि ती स्वतः हातगाडीबरोबर चालत आणून पोचवली. अभ्यासिकेतील बाके एका सुतारकाकांनी मजुरी न घेता करून दिली. त्यांची पाठ टेकायची फळी किंचित कललेली असल्याने तासन्‌तास बसले तरी कंबर धरत नाही, हे तेथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. निवृत्त परिचारिका असलेल्या आपल्या एका भगिनींनी पहिल्या निवृत्तिवेतनातून पंखे बसवून दिले, म्हणून सोलापूरच्या वैशाखातही मुले तेथे टिकली. सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने सलग पाच वर्षे विजेचे बिल भरले. या सर्वांना नावे छापलेली आवडणार नाहीत. सरांचीच शिकवण ती.

एक गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. सरांच्या शोकसभेला सभागृह अपुरे पडले, लोक जिन्यात उभे राहिले, बावीस जणांची भाषणे झाली आणि ‘सरांचे कार्य पुढे नेऊ’ हे वाक्य त्यांतील बहुतेकांनी उच्चारले. बाहेरच्या टेबलावर ठेवलेल्या देणगीवहीत त्या दिवशी सात नोंदी झाल्या. त्यांतील एक आपल्या इमारतीच्या रखवालदाराची, शंभर रुपयांची होती. पावसाळ्यापूर्वी काढलेल्या पत्रकालाही फारसे उत्तर आले नाही. ही तक्रार नव्हे. प्रत्येकाला आपापल्या अडचणी असतात. पण छत गळले त्या रात्री वह्या छातीशी धरून घरी आणताना मन खट्टू झाले, हे खरे.

छताचे जलरोधक काम, वाळवीप्रतिबंधक फवारणी, काचेची तीन बंद कपाटे आणि वह्यांचे स्कॅनिंग मिळून खर्चाचा अंदाज ३,४०,००० रुपये असून हाती ६२,००० आहेत. छत आधी होईल, मग बाकीचे. देणगी धनादेशाने, ऑनलाइन अथवा रोख द्यावी. खात्याचा तपशील व क्यूआर कोड वाचनालयाच्या सूचना फलकावर आहे. आयकराची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते आणि दोन हजारांवरील रोख रकमेला ती मिळत नाही, म्हणून मोठी रक्कम कृपया रोख देऊ नये. पावती मागून घ्यावी. सिमेंट, रंग अथवा मजुरी या रूपातील मदतही चालेल. कानडी व मराठी दोन्ही वाचणाऱ्या दोघा-तिघांची स्कॅन केलेली पाने तपासण्यासाठी गरज आहे. त्यांनी सायंकाळी सहा ते आठ या वेळेत भेटावे. सोमवारी वाचनालय बंद असते.

सरांची मुलगी वर्षश्राद्धासाठी संक्रांतीच्या आठवड्यात सोलापूरला येणार आहे. तोवर निदान वह्या कपाटात गेलेल्या असाव्यात, अशी कार्यकारिणीची इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
चिटणीस, कार्यकारिणीच्या वतीने

ता. क. : चौदांपैकी तेराच वह्या आमच्याकडे आहेत. अकरावी वही सरांकडून कोणी वाचायला नेलेली असल्यास ती वाचनालयाच्या खिडकीवर आणून द्यावी. उशीर का झाला, असे कोणीही विचारणार नाही.