प्रसिद्धी म्हणजे मजुरी नव्हे: कामगार मंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगार मंत्री महोदय,
सादर नमस्कार.

मी वायरिंगची कामं करतो. कुणाच्या पगारावर नाही. हत्यारं माझी, मालाची उधारी माझी, हाताखालच्या मुलाचा रोजही मीच देतो. हल्ली दर सांगितला की समोरून उत्तर येतं, "पैशांचं राहू द्या हो. आमच्याकडे केवढी माणसं येतात! तुमचं नाव लावू, रीलमध्ये टॅग करू. कामांची रांग लागेल." असं म्हणणारे अडचणीतले नसतात. नवं शोरूम उघडणारे असतात, आणि एसीच्या कंपनीला ते पूर्ण पैसे मोजतात.

आमचं काम फोटोत दिसतं तरी किती? भिंतीत खाचा पाडायच्या, पाइप बसवायचे, वायर ओढायची, अर्थिंग तपासायचं. मग गवंडी त्यावर प्लास्टर मारतो आणि सगळं झाकलं जातं. रंगाऱ्याचंही तेच. पुट्टी, घासकाम, प्रायमर यांत दिवस जातात, फोटोत येतो तो शेवटचा हात. बरं, तो फोटो बघून गिऱ्हाईक आलंच तर पहिलं विचारतं, "त्यांना फुकट करून दिलंत ना?"

पगारी माणसाच्या बाबतीत ही चाल केव्हाच बंद झाली. मालकाच्याच दुकानात चालणारी कुपनं पगार म्हणून हातावर ठेवायची पद्धत ब्रिटनने १८३१ च्या कायद्याने अनेक धंद्यांत मोडून काढली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९४९ च्या ९५ क्रमांकाच्या करारानेही पगारापोटी वचनचिठ्ठ्या आणि कुपनं द्यायला मनाई केली. पण हे संरक्षण नोकरीतल्यांना आहे. स्वतंत्र कारागिराला 'टॅग' देऊन वाटेला लावलं तर दाद मागायची कुठे? बिल थकवण्याविरुद्धचे कायदेही इथे लंगडे पडतात, कारण रक्कमच ठरलेली नसते.

न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून स्वतंत्र काम करणाऱ्यांशी ठरावीक रकमेपुढच्या कामाचा लेखी करार सक्तीचा आहे. करारात तारीख नसेल, तर काम संपल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यावे लागतात. आपणही व्यावसायिक कामासाठी रक्कम आणि तारीख लिहिलेली साधी चिठ्ठी बंधनकारक करा. त्यात स्पष्ट म्हणा, की प्रसिद्धी द्यायची तर मजुरीच्या वर द्यावी, मजुरीऐवजी नाही. आणि तक्रार वकिलाशिवाय, कमी खर्चात करता आली पाहिजे. बुडालेल्या मजुरीपेक्षा वकिलाची फी जास्त होत असेल तर कुणी दारात जाणार नाही.

शेजाऱ्याचा फ्यूज मी आजही तसाच बदलून देतो. ती माणुसकी झाली, ती कायद्यात आणू नका. मी बोलतोय ते धंद्यासाठी करून घेतलेल्या कामाबद्दल.

नवा कायदा व्हायला वेळ लागेल, हे कळतं. तोवर निदान सरकारी कार्यक्रमांचे मांडव, दिवे, ध्वनिक्षेपक यांची कामं "तुमचं नाव होईल" म्हणून कुणी फुकट करून घेऊ नयेत, एवढं परिपत्रक आपल्या खात्यातून काढा. त्याला कायदा बदलावा लागत नाही.

आपला,
एक स्वतंत्र वायरमन