पाटी नको, ती खोली राहू द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

पुण्यात क्वार्टर गेटपासून चालत दहा मिनिटांवर आमचा जॅझ क्लब आहे. क्लब म्हणजे एका जुन्या घराचा तळमजला. पन्नासेक खुर्च्या, एक उभा पियानो, कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला डबल बेस. ते घर आता पुनर्विकासाला गेलंय. नव्या इमारतीवर 'येथे जॅझ क्लब होता' अशी पाटी लावू, असं आम्हाला सांगण्यात आलं. ती पाटी आम्हाला नको आहे.

जॅझ इथला नाही, असं कुणी आपल्याला सांगेल. पण याच भागातल्या सिटी चर्चला १७९२ साली जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांनी, आपल्या फौजेतल्या गोव्याकडच्या ख्रिस्ती लोकांसाठी. गोव्यात चर्चच्या शाळांतून पोरं नोटेशन वाचायला शिकली आणि पुढे पोटासाठी घाट उतरून-चढून मुंबई-पुण्याच्या बँडमध्ये आली. रात्री हॉटेलात जॅझ, दिवसा सिनेमाचं रेकॉर्डिंग. 'चिक चॉकलेट' या नावानं ट्रम्पेट वाजवणारे आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. मुंबईच्या ताजमध्ये त्यांचा बँड होता, आणि संगीतकार सी. रामचंद्र यांच्या वाद्यवृंदातही ते होते. १९५१च्या 'अलबेला'च्या गाण्यांवर आमच्या आईवडिलांनी ठेका धरला, त्यात हाच स्विंग, म्हणजे जॅझची झुलती लय, होता. आणि सी. रामचंद्र तर नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे.

जॅझ कागदावरून अर्धाच कळतो. बाकीचा शेजारी बसून घ्यावा लागतो, अगदी आपल्या गाण्याच्या तालमीसारखा. दर गुरुवारी इथे सोळा-सतरा वर्षांचं एखादं पोरगं सॅक्सोफोन घेऊन घाबरत उभं राहतं. ड्रमवरचे सत्तरी ओलांडलेले अंकल ब्रश हलकेच फिरवत राहतात, पोरगं चुकलं तर लय जराशी मोकळी करून त्याला परत आत घेतात. मी हे कितीतरी वेळा पाहिलंय आणि दर वेळी घसा दाटून आलाय. हे काम पाटीवर कसं लिहिणार?

पुण्याच्या वारसा यादीत वाडे आहेत, देवळं आहेत, पूल आहेत. श्रेणी मिळते ती वास्तूला; आत जे चालतं त्याला कुठलंच संरक्षण नाही. परवान्याच्या बाबतीत तर मोठा ऑर्केस्ट्रा ठेवणारं हॉटेल आणि आमच्या पन्नास खुर्च्या एकाच रांगेत उभ्या असतात.

लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवर हंड्रेड क्लब आहे. तिथे १९४२पासून जॅझ वाजतोय. खर्च झेपेना, तेव्हा वेस्टमिन्स्टर कौन्सिलनं २०२०मध्ये त्याचा व्यवसाय-कर पूर्ण माफ केला. म्हणजे हे करता येतं.

नव्या इमारतीत तेवढीच जागा, परवडेल अशा भाड्यात, संगीतासाठीच राखली जावी, ही अट बांधकामाच्या मंजुरीतच घालून घ्या. छोट्या संगीतगृहांसाठी परवान्याचा वेगळा वर्ग करा. नगरविकास आणि गृह या दोन्ही खात्यांशी आपण बोललात तर फरक पडेल. आमची पत्रं एका टेबलावरून दुसऱ्यावर जात राहतात. आणि अंकलसारख्या वादकांचं ध्वनिमुद्रण मात्र लगेच करून घ्या, त्यासाठी कशाचीच वाट पाहू नका, त्यांचे हात आता थरथरू लागलेत.

खोली रिकामी करायला दिवाळीपर्यंत मुदत आहे. तोवर दर गुरुवारी रात्री आठला आम्ही वाजवतो. पियानोच्या डावीकडची खुर्ची आपल्यासाठी ठेवतो. तिथून पियानोवाल्याचे दोन्ही हात दिसतात.

आपला,
एक नियमित श्रोता
नाना पेठ, पुणे