कालावाओची ८२ माणसे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत जगातल्या गमतीजमतींच्या चौकटीत अमेरिकेच्या हवाई राज्यातली कालावाओ काउंटी (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) होती. क्षेत्रफळ जेमतेम ३१ चौरस किलोमीटर, २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या ८२. मी चंद्रपूर जिल्ह्यात कुष्ठरोग तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली आहे. हा आकडा गंमत म्हणून छापलेला पाहून वाईट वाटले, म्हणून हे पत्र.

ही काउंटी मोलोकाई बेटाच्या उत्तरेला आहे. तिथे कालाउपापा हे सपाट भूशिर समुद्रात शिरले आहे. तिन्ही बाजूंना खवळलेले पाणी आणि पाठीशी दोन हजार फुटांच्या घरातला सरळसोट कडा. चढायला २६ वळणांची पायवाट. माणूस इथून निसटू शकत नाही, म्हणूनच ही जागा निवडली गेली. हवाईचा राजा पाचवा कामेहामेहा याने १८६५ मध्ये कुष्ठरुग्णांना वेगळे ठेवण्याचा कायदा केला आणि जानेवारी १८६६ मध्ये पहिले बारा रुग्ण इथे उतरवले. पुढे शंभर वर्षांत सुमारे आठ हजार माणसे आली, बहुतेक मूळचे हवाईवासी. पिढ्यानपिढ्या तिथे रताळी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनाही घरे सोडावी लागली. १९०५ मध्ये काउंट्या आखताना या वसाहतीचीच वेगळी काउंटी केली. निवडून आलेले मंडळ नाही; कारभार आजही राज्याच्या आरोग्य खात्याकडे.

रुग्णांची सेवा करणारे कॅथलिक धर्मगुरू फादर डेमियन १८७३ मध्ये तिथे गेले आणि त्याच रोगाने १८८९ मध्ये वारले, हे पुष्कळांना ठाऊक असते. भेटीच्या खोलीत रुग्ण आणि नातेवाईक यांच्यामध्ये तारेची जाळी असे, हे फारसे कुणी सांगत नाही. वसाहतीत जन्मलेले मूल आईपासून लगेच काढून नेत.

गुणकारी सल्फोन औषधे तिथे १९४६ मध्ये पोहोचली. सक्तीचा एकांतवास मात्र १९६९ मध्ये उठला. मधली तेवीस वर्षे कशासाठी? आपणही मागे नाही. १८९८ चा कुष्ठरोग्यांविषयीचा कायदा आपण २०१६ मध्ये रद्द केला आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण २०१९ पर्यंत कायद्यात ठेवले. सर्वेक्षणाला गेलो की मुलाच्या पाठीवरचा बधिर चट्टा पदराआड लपवणारी आई मी पाहिली आहे. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोग बरा करणाऱ्या बहुविध औषधांच्या, गोळ्या माझ्या पिशवीतच असत, तरी ती दार लोटून घ्यायची.

त्या ८२ जणांत तिथल्या राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचे आणि आरोग्य खात्याचे कर्मचारीच जास्त. १९६९ नंतर मोकळीक मिळूनही पुष्कळ रुग्ण तिथेच राहिले. घर म्हणायला दुसरे काही उरलेच नव्हते. आता मोजकेच आहेत. त्यांच्यामागे काउंटीचे काय करायचे, हा प्रश्न तिथे आहेच. माझे मत स्पष्ट आहे: ती जमीन हॉटेलवाल्यांच्या हाती जाऊ नये. बहुतेक थडग्यांवर नावे नाहीत. ती सारी नावे कोरण्यासाठी स्मारकाला २००९ मध्ये अमेरिकी कायद्याने मंजुरी मिळाली आहे. ते काम आधी व्हावे.

— एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, चंद्रपूर