सूचना : घोड्यांचे केस कापण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. दिवस लहान झाले की घोड्याची लव दाट होते, रपेटीचा घाम आतच मुरतो आणि अंग लवकर वाळत नाही. म्हणून रोज रपेटीला जाणाऱ्या घोड्यांचेच केस रविवारी सकाळी 8 पासून मशीनने कापू. म्हाताऱ्यांना हात लावायचा नाही.

आदल्या दिवशी नीट खरारा करा. धुळीने पाती बोथट होतात. अंग कोरडं हवं. पाय आणि खोगिराखालची जागा तशीच ठेवायची. पाती तापतात, मधूनमधून हाताला लावून बघा. मिश्या कापू नका. त्यांनीच घोडा तोंडाजवळचं चाचपतो, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत 2021 पासून त्यावर बंदीच आहे. त्या रात्रीपासून झूल हवीच. गेल्या वर्षीच्या फाटक्या झुली आधी शिवून आणा.